मेळावा राहू दे, यजमानपण सोडा

पत्र

माझं वय सत्तेचाळीस. घरातली थोरली सून. सासरे गेले, त्यानंतर सगळे पांगू नयेत म्हणून मी वर्षातून एकदा सगळ्यांना आमच्याकडे बोलवायला लागले. मे महिन्यात कुटुंब दिन असतो, त्याच्या आसपासचा रविवार धरतो. यंदा तेवीस जणांना बोलावलं, नऊ जण आले. धाकटे दीर घराच्या वाटणीवरून चार वर्षं येतच नाहीत. जे येतात ते जेवतात, फोन बघत बसतात आणि निघतात. मी मात्र आदल्या आठवड्यापासून कामाला जुंपलेली. यंदा सगळे गेल्यावर सोळा वर्षांची मुलगी म्हणाली, "आई, इतक्या वर्षांच्या ग्रुप फोटोंत तू एकातही नाहीस. फोटो काढताना तू आत भांडी घासत असतेस. हे नक्की कोणासाठी चाललंय?" मला उत्तर देता आलं नाही. नवरा म्हणतो, एवढा त्रास होतो तर बंद कर. पण नणंदेचा मुलगा आहे, बारा वर्षांचा. आईवडील वेगळे झाल्यापासून तो फारसा बोलत नाही. त्या दिवशी मात्र सारखा माझ्या मागेमागे असतो. सासूबाई एकोणऐंशीच्या आहेत, त्याही या दिवसाची वाट बघतात. कुटुंब समाजाचा पाया वगैरे आपण ऐकतो. खरंच तसं आहे का, की माझ्यासारख्या बायकांना राबवून घ्यायची ती एक सोय आहे? बंद करू का हा मेळावा?

– थोरली

ता. क. मुलगी पुढच्या वर्षी थांबणार नाही म्हणते. सक्ती करू का?

उत्तर

ताई,

पाया आहे का? आहे. राबवून घ्यायची सोय आहे का? तीही आहे. पहिलं खरं म्हणून तुमच्याने थांबवत नाही आणि दुसरं खरं म्हणून तुम्ही दमलात. तेव्हा आधीच सांगते: मेळावा बंद करू नका, पण त्याचं यजमानपण सोडा. का आणि कसं, ते पुढे.

पायाचं आधी. १० डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या सोळाव्या कलमात कुटुंब हा समाजाचा नैसर्गिक आणि मूलभूत घटक असल्याचं म्हटलं आहे. भाषणं करणारे इथवरच वाचतात. त्याच वाक्यात पुढे असं आहे की समाजाकडून आणि शासनाकडून संरक्षण मिळण्याचा कुटुंबाला हक्क आहे. म्हणजे देणं समाजाकडे आहे. आणि याच कलमाच्या सुरुवातीला काय आहे? लग्नात, लग्न टिकून असताना आणि मोडतानाही स्त्रीपुरुषांचे हक्क सारखे. आधी बरोबरी, मग पाया. सोहळ्यांच्या भाषणांत हा क्रम नेमका उलटा होतो आणि बरोबरीपर्यंत पोहोचायच्या आत जेवणाची वेळ होते.

तुम्ही ज्या कुटुंब दिनाचा आधार घेता तो १५ मे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९३ मध्ये तो ठरवला आणि १९९४ हे वर्ष कुटुंब वर्ष म्हणून पाळलं गेलं. त्या दिवशी घरच्या बाईने किती माणसांचं रांधावं, याबद्दल त्या ठरावात काही नाही, हे मी खात्रीने सांगते.

आता सोयीचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये ६४ देशांतल्या वेळेच्या नोंदींवरून हिशेब मांडला. घरातलं आणि माणसांच्या देखभालीचं बिनपगारी काम दिवसाला १,६४० कोटी तास भरलं. दोनशे कोटी माणसांनी रोज आठ तास फुकट राबावं, एवढं. त्यातलं तीन चतुर्थांशाहून थोडं जास्त काम बायका करतात. लहानाला वाढवणं, आजाऱ्याशेजारी रात्र काढणं, म्हाताऱ्या माणसाला न्हाणीघरापर्यंत हात धरून नेणं, नोकरी गेलेल्याला चार महिने जेवू घालणं, हे सगळं त्यात आलं. एखाद्या सोमवारी जगभरच्या घरांनी हे काम थांबवलं तर मंगळवारी कुठलंच ऑफिस उघडणार नाही, रुग्णालयं तुंबतील. कुटुंबाचं समाजातलं महत्त्व मला तरी याहून वेगळ्या शब्दांत सांगता येत नाही. फक्त ते कोणाच्या पाठीवर उभं आहे हेही त्याच दमात सांगायला हवं.

या हिशेबातही तुमचं एक काम नीट बसत नाही. मिकाएला डी लिओनार्दो या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ बाईंनी कॅलिफोर्नियातल्या इटालियन वंशाच्या कुटुंबांचा अभ्यास केला होता. १९८७ साली त्यांनी लिहिलं की बायका घरकाम करतात, नोकरी करतात आणि शिवाय तिसरं एक काम करतात: नाती जागती ठेवण्याचं. कोणाला फोन करायचा, कोणाचा वाढदिवस कधी, कोणाशी कोण बोलत नाही, सगळ्यांना जमेल असा दिवस कोणता, हे सगळं लक्षात ठेवायचं आणि पार पाडायचं. त्याच सुमारास कॅरोलिन रोझेंथाल यांना कॅनडात असं दिसलं की पुष्कळ घरांत हे काम ठरावीक एकच व्यक्ती करते. बहुतेकदा ती बाई असते. ती गेली की दुसरं कोणीतरी तिच्या जागी येतं, बरेचदा मुलगी.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, सासरे गेल्यावर तुम्ही सगळ्यांना बोलवायला लागलात. त्याआधी माणसं आपोआप जमत होती का हो? सासूबाईंना जरा विचारून बघा. मला दाट शंका आहे की ते काम त्या करत होत्या आणि कोणाला दिसत नव्हतं. नवरा गेल्यावर त्यांचं मन उडालं असेल, ते काम तुमच्याकडे सरकलं, आणि तुम्हाला वाटलं की मी काहीतरी नवीन सुरू करतेय. म्हणूनच मुलीच्या बोलण्याचा मला राग येत नाही, उलट बरं वाटतं. ती आगाऊपणा करत नाहीये. पुढची पाळी कोणाची, हे तिला दिसलंय.

यजमानांचं म्हणणं, त्रास होतो तर बंद कर. त्यात काळजी आहे, मी मानते. पण तुम्ही राबा किंवा बंद करा, एवढे दोनच मार्ग त्यांना दिसले. "यंदा मी बघतो" हा तिसरा त्यांना सुचलेला नाही. आईही त्यांची, भावंडंही त्यांचीच.

मग बंद का करू नये? जमवाजमवीचा उपयोग होतो म्हणून. वॉशिंग्टनमध्ये स्टीव्हन वोलिन आणि लिंडा बेनेट यांनी दारूच्या आहारी गेलेला बाप किंवा आई असलेली घरं अभ्यासली होती. त्यांचं १९८० चं निरीक्षण मला फार बोलकं वाटतं. दारू सगळीकडेच होती. पण काही घरांनी रोजचं एकत्र जेवण, सणवार, सुट्टीचे दिवस यांवर दारूची सावली पडू दिली नव्हती. पिणारा पीत होता, तरी ठरलेल्या वेळी ताटं मांडली जात होती. अशा घरांतल्या मुलांकडे दारूचं व्यसन कमी प्रमाणात गेलं. अभ्यास लहान होता, त्यावरून उड्या मारायला नकोत. पण एवढं कळतं की ठरलेली गोष्ट ठरल्या वेळी होते याचा मुलांना आधार वाटतो, घरात बाकी कितीही पडझड असो.

आणि तो बारा वर्षांचा मुलगा. हवाई बेटांमधल्या काउई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठेपणापर्यंत माग ठेवला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांची आजारपणं अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली, समंजस, स्वतःच्या पायावर उभी राहणारी माणसं झाली. त्यांच्यात काय सारखं होतं हे बघितलं तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली: त्यांना जीव लावणारं, टिकून राहिलेलं निदान एक माणूस. ते आईबापच होते असं नाही. कधी आजी, कधी मावशी, कधी घराबाहेरचं कोणी.

हे वाचून लगेच स्वतःला वर्षभर आणखी एका कामाला जुंपू नका. पण या मुलाच्या बाबतीत मी तुम्हाला थोडं टोचणार आहे. वर्षातून एक दिवस मागेमागे फिरू देणं त्याला पुरणार नाही. त्याच्यासाठी मेळावा चालू ठेवते असं मनाशी म्हणत असाल तर त्यात स्वतःचीच समजूत घालणं आहे. आठवड्यातून एक दिवस ठरवा, दहा मिनिटांचा फोन. त्याने बोलायलाच हवं असं नाही. तुम्हीच सांगा, आज काय झालं, कोणाशी वाद झाला, कोणता सिनेमा अर्धवट सोडला. नणंदेला आधी कल्पना द्या, म्हणजे तिला तो हस्तक्षेप वाटणार नाही. आणि "आई कशी आहे, बाबा येतात का" असल्या चौकशा त्याच्याकडे अजिबात नकोत. असल्या मुलांना दोन्हीकडचे हेर व्हायला लावायची लोकांना फार वाईट खोड असते.

मग मेळावा कसा करायचा? तुमचा आत्ताचा दिवस म्हणजे एका घराने बाकीच्या घरांना दिलेली मेजवानी आहे. पाहुण्याने काय करायचं असतं? यायचं, जेवायचं, छान झालंय म्हणायचं आणि निघायचं. ते त्यांचं काम चोख करतात. फोन बघतात ही तुमची तक्रार मला समजते, पण त्यांना तिथे करायला दुसरं काही आहे का? टोपलीत फोन जमा करायचे वगैरे नियम काढू नका. माणसं फोन देतात आणि मग घड्याळ बघतात.

दिवस कापा. पूर्ण रविवार नको, तीन तास पुरे. जेवण वाटून आणायचं किंवा बाहेरून मागवायचं. घरी केलं नाही म्हणून कोणी नाक मुरडलं तर पुढच्या वर्षीचं जेवण त्यांच्याकडे. जागाही दर वर्षी तुमचीच कशाला? आणि कामं वाटताना "जरा मदत करा ना" असं म्हणू नका. मदत मागितली की काम तुमचंच राहतं, समोरचा फक्त उपकार करतो. अख्खं काम द्या. भांडी एका दिराकडे म्हणजे घासणं, पुसणं, जागच्या जागी लावणं, सगळं. मग तुम्ही स्वयंपाकघरात डोकवायचं नाही. ताटं तेलकट राहतील, चमचे भलत्याच खणात सापडतील. राहू द्या. इथेच बायका हरतात, बरं का. काम सोडतात आणि तपासायला जातात, आणि दहाव्या मिनिटाला पुन्हा ओट्यापाशी उभ्या असतात.

फोटो जेवणाआधी काढायचा. सगळे बसल्याशिवाय काढायचा नाही.

जेवणानंतरचा एक तास सासूबाईंचा. मार्शल ड्यूक आणि रॉबिन फायव्हुश या अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी मुलांसाठी वीस प्रश्न तयार केले होते. आजीआजोबा कुठे वाढले, आईबाबांची भेट कशी झाली, तुझ्या जन्माच्या वेळी काय घडलं, घरात कोणावर कोणता वाईट प्रसंग आला, असे. ज्या मुलांना जास्त उत्तरं माहीत होती त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त आणि घाबरेपणा कमी दिसला. उत्तरं पाठ करून घेतली म्हणजे मूल खंबीर होतं, असा याचा अर्थ काढू नका. ते संशोधकही तसं म्हणत नाहीत. ज्या घरांत माणसं एकमेकांसोबत बसून बोलतात तिथेच मुलांच्या कानावर हे पडतं, आणि फायदा त्या बसण्याबोलण्याचा असतो.

सासूबाईंना "काहीतरी सांगा" म्हणाल तर त्या काहीच सांगणार नाहीत. "आमचं काय, साधंच" म्हणतील. त्यांच्या हातात जुना फोटो द्या. ज्याच्या मागे नावं लिहिलेली नाहीत असा. हा कोण, हे घर कुठलं, ही बाई का हसत नाहीये. एका माणसाने पेन्सिल घेऊन बसायचं आणि मागे नावं लिहायची. दोन फोटो होईपर्यंत तास संपतो, शिवाय दोघातिघांचं एखाद्या नावावरून भांडण होतं. होऊ द्या, ते गोडच असतं. आणि नुसत्या मोठेपणाच्या गोष्टी नकोत. धंदा बुडाला तेव्हा काय केलं, कोण कोणाशी किती वर्षं बोलत नव्हतं, मग कसं बोलायला लागलं, हे मुलांना ऐकू द्या. घर कधीतरी मोडकळीला आलं होतं आणि तरी सावरलं, हे त्यांना ठाऊक असायला हवं.

मुलीला सक्ती नको. सोळाव्या वर्षी पकडून बसवलेलं माणूस खोलीभर थंडी पसरवतं. पण तिला एक खरं काम देऊन बघा: सासूबाईंचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचं आणि प्रश्न तिने विचारायचे, तुम्ही ठरवून दिलेले नव्हेत, तिला पडलेले. प्रश्न आगाऊ असतील. आजीला बहुधा आवडतील. तिला हेही नको असेल तर तिला मित्रमैत्रिणींकडे जाऊ द्या, आणि दुसऱ्या दिवशी टोमणा मारू नका. आणि तिच्या मूळ प्रश्नाचं उत्तर अजून बाकी आहे. "तू म्हणालीस ते बरोबर होतं, म्हणून मी अमुक अमुक बदलतेय," एवढं तिला मोकळेपणाने सांगा. मुलांच्या बोलण्याने घरात काही बदललं, हे फार थोड्या मुलांना बघायला मिळतं.

धाकट्या दिरांचं प्रकरण. हा फोन तुम्ही करायचा नाही. यजमानांनी करायचा. भाऊ त्यांचा, वाटणीच्या कागदावर नावं त्या दोघांची. आजवर निरोप तुमच्या तोंडून जात असतील तर नकारही तुम्हालाच ऐकावा लागला असेल. कॉर्नेल विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ कार्ल पिलमर यांनी अमेरिकेत १,३४० जणांना विचारलं तेव्हा २७ टक्के लोकांनी सांगितलं की घरातल्या कोणा ना कोणाशी आपला संबंध तुटलेला आहे. तेव्हा आपल्याच घराला काहीतरी लागलंय असं वाटून घेऊ नका. पुन्हा जोडली गेलेली माणसं पिलमर यांना काय म्हणाली, ते महत्त्वाचं आहे. अनेकांनी एक हट्ट सोडला होता: चूक कोणाची होती हे समोरच्याने मान्य करावं, हा. भूतकाळाचा निकाल न लावता पुढचं बोलणं सुरू झालं.

म्हणून यजमानांनी फोनवर वाटणी काढायची नाही, माफी मागायची नाही की मागवायची नाही. आई एकोणऐंशीची आहे, जुने फोटो काढणार आहोत, तुझ्या लहानपणचे आहेत, ये. इतकंच. वाटणीचं काय ते वकिलासमोर किंवा दोघांनाही चालेल अशा तिऱ्हाईत माणसासमोर, वेगळ्या दिवशी. मेळाव्यात तो विषय निघाला तर यजमानांनीच तो थांबवायचा. दीर पहिल्याच फोनवर येतीलच असं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा एक फोन.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक सांगते. ज्या घरात मारहाण झाली, मुलांना हात लावला गेला, तिथून तुटून निघालेल्या माणसाला "शेवटी आपलीच माणसं" म्हणून परत ओढू नका. वाटणीचा राग आणि अशी भीती या वेगळ्या गोष्टी आहेत. संयुक्त राष्ट्रांचं ते कलम कुटुंबाला संरक्षण द्या म्हणतं. कुटुंबात कोणी कोणालाही काहीही करावं, असं ते म्हणत नाही.

आणि नऊ जण आले याचं एवढं वाईट वाटून घेऊ नका. नऊ माणसं एका खोलीत एकमेकांशी बोलू शकतात. तेवीस माणसं गटागटाने उभी राहतात.

या आठवड्यात एकच गोष्ट करा. पुढच्या मेची वाट बघू नका, आत्ताच सगळ्यांना एक निरोप पाठवा. साधारण असा:

"पुढच्या वर्षीचा मेळावा तीन तासांचा. जागा, जेवण आणि आवराआवर ही तीन कामं आहेत. यातलं एकही मी करणार नाही, मी या वेळी नुसती येणार आहे. प्रत्येक कामापुढे कोणीतरी आपलं नाव लिहा. महिन्याभरात तिन्ही नावं आली तर तारीख कळवते. नाही आली तर पुढच्या वर्षी मेळावा नाही."

पाठवण्याआधी यजमानांना दाखवा. त्यांनी एका कामापुढे स्वतःचं नाव लिहूनच तो पुढे गेला तर उत्तम. मग दोन आठवडे सगळीकडे शांतता असेल. कोणीतरी "वहिनी, काय झालं, बरी आहेस ना?" असा फोन करेल. बरी आहे म्हणून सांगा आणि कोणतं काम घेणार ते विचारा. एखादी जाऊ दुखावेल, एखादा दीर थट्टेवारी नेईल. दोघांनाही तेच विचारा. आठवण करून द्यायला दुसरा निरोप टाकू नका, आणि "चला, यंदा मीच करते, पुढच्या वर्षी बघू" असं चुकूनही लिहू नका. महिना संपताना दोनच नावं आली असतील, तर ठरल्याप्रमाणे त्या वर्षी मेळावा करू नका. सासूबाईंना मात्र ते तुम्ही स्वतः सांगा, आणि फोटोंची पेटी त्यांच्यासमोर उघडा. त्यासाठी तेवीस जण लागत नाहीत.